अकरा चाळीस

लिल शहर, नोव्हेंबर. वेधशाळेच्या मागच्या खोलीत
मी नकला करते.
शंभर ओळींना चाळीस सांतीम,
डाग पडला तर पाच कापून.

आज टेबलावर मस्य देल्क्रुआंची वही आहे.
पुठ्ठ्यावर वाळलेला चिखल, आत दुमडलेलं एक बिल:
'फुगा ओढताना तुडवलेलं बीट, बारा फ्रँक. विधवा कोर्नीय.'
ते बाजूला ठेवलं.
आधी आकाशाचा हिशेब.

नऊ पाच. गॅस कारखान्याचं आवार. पारा सातशे अठ्ठावन्न.
आदल्या रात्री आमच्या गल्लीतले दिवे लवकर मालवले होते,
फुग्याला गॅस पुरावा म्हणून.
आई लेस विणत होती. हात न थांबवता म्हणाली,
जाऊ दे, बोटांना वाट पाठ आहे.

नऊ चाळीस. पेन्सिलीचं अक्षर, सुबक, शाळामास्तरी.
"ढगांची वरची बाजू. फ्लोरिमों शीळ घालतो."
दहा वीस. उणे नऊ.
"शीळ बंद. ओठ फुटले."
दहा पन्नास. पारा तीनशे एकोणऐंशी.
"निम्मी हवा आता आपल्या पायांखाली."
हे लिहिताना मी श्वास धरून बसले होते,
टाक दौतीत तसाच.

मग कबुतरं.
पहिलं सोडलं: पंख उघडून गोल गोल खाली.
दुसरं: दगड.
तिसरं टोपलीच्या काठावर बसून राहिलं.
"हाकललं नाही."
छापील तक्त्यात वेळ, पारा, तापमान एवढेच रकाने.
ह्या दोन शब्दांना जागा नाही.
मी ते समासात घेतले, बारीक अक्षरात.

अकरापासून दर मिनिटाला एक ओळ.
सात की एक, ओळखू येत नाही.
आकडे रेघ सोडून उतरायला लागतात,
पाळी संपल्यावर गिरणीच्या जिन्यावरून बाया उतरतात तसे,
कठड्याला धरून.
अकरा एकतीस. "हात दिसतो. माझा असावा."
अकरा अडतीस. "फार बरं वाटतंय."
अकरा चाळीस. पारा दोनशे एकाहत्तर, आणि तिथून
एक रेघ तिरकी, पानाच्या कडेपर्यंत, कडेबाहेर.

अकरा एकावन्न. दुसरं अक्षर.
थोराड, प्रत्येक शब्द वेगळा कोरलेला,
'श्वास' चुकीचा लिहिलेला:
"झडपेच्या दोराला लोंबकळलो. उघडली. साहेब स्वास घेतात.
पारा दोनशे एकोणनव्वद."

मधल्या दहा ओळी कोऱ्या.

मस्य ब्रास्कार चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
पोरी, छापलेल्या पानाला भोक बरं दिसत नाही.
वरचा आकडा आहे, खालचा आहे,
मधले काढ. त्रैराशिक येतं ना?
येतं.
रद्दीच्या कागदावर काढलेसुद्धा:
दोनशे त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर, शहाहत्तर,
शहाण्या मुलांसारखे एकामागे एक, पायरी पायरीनं खाली.

पण अशी सरळ जोडली टोकं
तर निघतं की अकरा चाळीसनंतर ते वर गेलेच नाहीत.
आणि ते गेले होते.
पेन्सिल सुटली तेव्हा फुगा काही थांबला नव्हता.
सगळ्यात उंच जागा ह्या दहा ओळींत कुठेतरी आहे,
तिथं एक माणूस आंधळ्यासारखा दोर शोधतोय,
एक पडलाय,
आणि कबुतर, असलंच अजून,
तर तेवढंच जागं.

दहा आडव्या रेघा ओढल्या.
आडव्या रेघेचे पैसे धरत नाहीत: चार सांतीम गेले.
ब्रास्कार काही बोलले नाहीत. चष्मा खाली घेतला.

गुरुवारी देल्क्रुआ सही करायला आले.
उजव्या हाताची तीन बोटं फडक्यात,
म्हणून डाव्यानं.
त्या पानावर थांबले. रेघांवरून अंगठा फिरवला,
कापडाचा पोत बघावा तसा.
मग विचारलं, ते बिल कुठंय?

मी दिलं. त्यांनी खिसे चाचपले,
आठ फ्रँक निघाले.
बाकीच्या चारांसाठी त्यांनी ब्रास्कारांकडे बघितलं,
आणि ब्रास्कार खिडकीबाहेर,
जिथं धुकं होतं, दुसरं काही नाही.